कमलताईंची विशेषणं

आमच्या कारखान्यातून निवृत्त होणं सोपं आहे. वय झालं की माणूस आपोआप होतो. पण कमलताई पाटणकरांच्या तोंडून निवृत्त होणं ही वेगळी गोष्ट होती. त्या धास्तीनं भलेभले अधिकारी नोकरीच्या शेवटच्या वर्षात एकदम गोड बोलायला लागायचे. जन्मभर ज्याला 'अबे' म्हटलं त्या शिपायाला 'भैया' म्हणायचे.

आता तुम्हाला वाटेल, कमलताई म्हणजे कारखान्याच्या कोणी मोठ्या साहेब असतील. छे! त्या राजभाषा अधिकारी होत्या. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं, आणि ते हिंदी कोणी वाचत नाही हे माहीत असूनही नीट करायचं, हे त्यांचं काम. बाई ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या. घरी मराठी, बाजारात हिंदी, आणि राग आला की दोन्ही. भोपाळला लग्न होऊन आल्या आणि बरखेड्याच्या आमच्या सरकारी वसाहतीत अशा रुजल्या की, वसाहतीत रस्ते आधी आले की कमलताई, असा प्रश्न पडावा.

त्यांचं खरं साम्राज्य होतं क्लबच्या हॉलमधला माइक. झेंडावंदन असो, हिंदी पखवाडा असो, सुरक्षा सप्ताह असो, संचालन, म्हणजे आपलं सूत्रसंचालन, कमलताईंचं. आवाज असा की मागच्या रांगेत घोरणारा माणूस दचकून टाळ्या वाजवायचा. माइक हातात घेतला की आधी विचारायच्या, "पीछे तक आवाज़ आ रही है?" ही सवय इतकी हाडीमाशी गेली होती की बिट्टन मार्केटात भाजीवाल्याशी भाव करतानाही दोन वाक्यांनंतर विचारायच्या, "आवाज़ आ रही है?" त्याला काय, पलीकडच्या रस्त्यालाही येत असायचा.

मी जनसंपर्क विभागातला फोटोग्राफर. मूळचा इंदूरचा, त्यामुळे खाण्याचा नाद, आणि कमलताईंच्या पर्समध्ये शेवेचा गोल स्टीलचा डबा कायम असायचा, त्यामुळे त्यांचाही नाद. त्यांनी मला नावानं हाक कधी मारली नाही. "छायाचित्रकार, इकडे ये," म्हणायच्या. शुद्ध सरकारी हिंदीतला तो शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा गोड वाटायचा.

महिनाअखेर म्हणजे निरोपाचा दिवस. आमच्याकडे निरोप ही गंभीर बाब असते. निवृत्त होणारा माणूस बायकोसह व्यासपीठावर. शाल, श्रीफळ, हार. विभागातली वयानं सगळ्यात लहान बाई येऊन कपाळाला टिळा लावते. मग ढोल वाजवत त्याला घरापर्यंत सोडतात. आणि या सगळ्याच्या आधी कमलताई त्याची ओळख करून देणार. ओळखीत एक विशेषण. एकच.

त्या विशेषणासाठी सगळा हॉल श्वास रोखून बसायचा, कारण कमलताईंच्या शब्दांचा दर सगळ्या वसाहतीला पाठ होता. 'मिलनसार' म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या टेबलापाशी गप्पा हाणणारा. 'समय के पाबंद' म्हणजे पाचच्या भोंग्याआधी डबा हातात घेऊन उभा राहणारा. 'अनुशासनप्रिय' म्हणजे हाताखालच्यांवर खेकसणारा. 'सरल स्वभाव के' म्हणजे... जाऊ द्या, ते अजून हयात आहेत. सगळ्यात वरचा दर होता 'कर्मठ'. मराठीतला सोवळ्यातला कर्मठ नव्हे, हिंदीतला, खपून काम करणारा. तो शब्द कमलताई सहसा काढत नसत.

एकदा भांडार विभागाचे एक साहेब 'कर्मठ' मिळावा म्हणून आदल्या संध्याकाळी बायकोला आणि गुलाबजामांना घेऊन त्यांच्या घरी गेले. कमलताईंनी गुलाबजाम खाल्ले, वर पाक मागून घेतला. दुसऱ्या दिवशी माइकवरून म्हणाल्या, "अतिथि-सत्कार में निपुण, श्रीमान फलाने जी!" हॉल हसून हसून आडवा. साहेब मात्र खूश. त्यांना वाटलं, नवीन दर निघाला.

आणि एकदा रामसेवक नावाचे एक वेल्डर निवृत्त झाले. कमलताई माइकपाशी आल्या, थोडं थांबल्या, आणि विशेषण न लावता म्हणाल्या, "इनके हाथ का जोड़ कभी टूटकर वापस नहीं आया." बास. हॉल उभा राहिला. मी फोटो काढले, पण रामसेवकजींनी चेहऱ्यावर गमछा धरला होता, त्यामुळे सगळ्या फोटोत गमछाच आला.

आता पडदा जरा काळ्या बाजूकडे ओढतो.

सरकारी कारखान्यात बाईचा छळ होत नाही. हे मी सांगत नाही, कागद सांगतात. कागदावर 'गैरसमज' होतो. 'संवादाचा अभाव' होतो. बाई 'अति संवेदनशील' असते. कायद्यानं तक्रार समिती असावी लागते, म्हणून ती होतीच. तिचा फलक होता, फलकावर धूळ होती. तक्रार आली की पहिला चहा यायचा, मग समोसे. मग तक्रार करणाऱ्या बाईला बड्या साहेबांच्या केबिनशेजारच्या काचेच्या खोलीत बसवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं की आज कोण आलंय. दोन्ही बाजूंना समजावायचं. शेवटी बाईची बदली व्हायची, 'तिच्याच सुरक्षिततेसाठी'. आणि साहेब? साहेब तिथंच. साहेबांना कसला धोका? याला आमच्याकडे प्रकरण 'मॅनेज' करणं म्हणत. मॅनेजर लोकांना दुसरं काही मॅनेज करता येवो न येवो, हे बरोबर जमायचं.

समितीच्या आधीच्या अध्यक्षबाई निवृत्त झाल्या तेव्हा नवीन कोण, असा प्रश्न आला. अध्यक्ष वरिष्ठ बाईच हवी. कार्मिक विभागाच्या साहेबांनी कमलताईंचं नाव सुचवलं. त्यांचा हिशेब असा: ही बाई इतकी वर्षं कारखान्यातल्या नगातल्या नगाला काहीतरी चांगला शब्द शोधून देत आली आहे, तर ही तक्रारींनाही काहीतरी गोड शब्द शोधेलच. भोळी माणसं. त्यांना वाटलं, कमलताई स्तुती करतात. त्या मोजमाप करत होत्या, हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नव्हतं ते कार्मिक विभागाला.

पहिली तक्रार आली ती सुधीर बोकील यांच्याविरुद्ध.

बोकीलसाहेब म्हणजे आमच्या डिझाइन विभागाचे प्रमुख. उंच, धिप्पाड, केस रंगवलेले, आवाज मधाळ. बरखेड्याच्या महाराष्ट्र मंडळाचे आश्रयदाते. गणपतीच्या मांडवावर त्यांचं नाव, दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले. आणि तक्रार करणारी होती त्यांच्याच विभागात नवीन लागलेली इंजिनीअर, स्नेहल वानखडे. वडील नागपूरहून सरकारी नोकरीनं इकडे आले, पुढं वारले. आता अशोका गार्डनच्या दोन खोल्यांत ती आणि आई. घर तिच्या पगारावर. नोकरी अजून कच्ची, परिवीक्षेतली. पक्की होणार की नाही हे ज्या अहवालावर ठरणार तो बोकीलसाहेब लिहिणार.

तिचं म्हणणं काय होतं ते मी सगळं सांगणार नाही. ते तिचं आहे. इतकंच सांगतो की नकाशा समजावताना साहेब खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि हात खुर्चीवर राहायचा नाही. सुट्टीच्या दिवशी फाइलच्या नावाखाली बोलावणं यायचं. तिनं एकदा स्पष्ट 'नाही' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं टेबल विभागाबाहेर, कॉरिडॉरमध्ये, वॉटर कूलरच्या शेजारी. काम शून्य. येणारा-जाणारा पाणी प्यायचा आणि तिच्याकडे बघायचा. कूलरचं पाणी तिच्या पायाशी साचायचं.

कमलताईंनी सगळ्यात आधी काचेची खोली नाकारली. "मला दार लागणारी जागा द्या," म्हणाल्या. कारखान्यात अशी जागा शोधणं म्हणजे दिव्य. केबिनच्या बाहेर शिपाई, शिपायाच्या बाहेर चहावाला, आणि दोघांचे कान दाराला. शेवटी कमलताईंनीच जागा शोधली: पाळणाघर. कामगार बायकांच्या मुलांसाठीचं. दुपारी मुलं आतल्या खोलीत झोपलेली असत, बाहेरच्या खोलीत कोणी पुरुष कधी फिरकत नसे, आणि दाराला आतून कडी होती.

एकच अडचण. खुर्च्या मुलांच्या.

कल्पना करा! लाल, पिवळ्या, हिरव्या, फूटभर उंचीच्या खुर्च्या. भिंतीवर हत्ती आणि ससा. आणि आमचे बोकीलसाहेब, सुटाबुटात, पिवळ्या खुर्चीवर, गुडघे कानापर्यंत आलेले. हे दृश्य मी पाहिलं नाही. चौकशीत मला प्रवेश नव्हता. पण पाळणाघराच्या शकुनबाईंनी ते मला करून दाखवलं, आणि मी शकुनबाईंना शंभरपैकी शंभर दिले.

बोकीलसाहेब म्हणाले, "कमलताई, ही काय चौकशीची जागा झाली?"

"का? स्वच्छ आहे, शांत आहे. फक्त आवाज चढवू नका, मुलं उठतील."

"अहो, आपण एकाच मंडळातले. तुम्ही मला ओळखता. मी त्या पोरीला माझ्या मुलीसारखं मानलं."

"घरी मुलीला वॉटर कूलरपाशी बसवता का हो?"

आता हसू आलं असेल तर हसून घ्या, कारण पुढं हसण्यासारखं थोडंच आहे.

साक्षी सुरू झाल्या. बोकीलसाहेबांच्या विभागातला पुरुष न् पुरुष येऊन त्या रंगीत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "हमने तो कुछ नहीं देखा, मैडम."

"आप बैठते कहाँ हैं?"

"साहब के केबिन के सामने."

"मुँह किधर करके?"

"...केबिन की तरफ़."

"और आँखें? वो घर रखकर आते हैं?"

सगळे असेच. यातले निम्मे मंडळाच्या आरतीत मोठ्यानं झांज वाजवणारे. मला चीड येते ती बोकीलची नाही. तो होता तसा होता. चीड येते ती केबिनकडे तोंड करून बसलेल्या या सज्जनांची. पगार वेळेवर, डोळे मिटून, आणि संध्याकाळी वसाहतीच्या बागेत फिरताना 'आजकल की लड़कियाँ' या विषयावर प्रवचन.

दरम्यान कमलताईंच्या घरी रांग लागली. मंडळाच्या अध्यक्षा सुमनताई गोखले दोन बायकांना घेऊन हळदीकुंकवाला आल्या. महिना कुठला, तिथी कुठली, काही नाही, हळदीकुंकू. पाटणकरकाका, कमलताईंचे यजमान, मास्तर होते, आता घरी असतात. त्यांनी मला सगळं ऐकवलं.

सुमनताई म्हणाल्या, "अगं कमल, आपला माणूस आहे. चार दिवसांत निवृत्त होतोय. कशाला त्याच्या म्हातारपणाला डाग?"

कमलताई म्हणाल्या, "आणि ती पोर? वानखड्यांची? ती आपली नाही?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? आपला माणूस म्हणजे ज्याच्या वर्गणीची पावती मोठी तो, असं आहे का? सांग ना, आवाज येत नाही मला."

सुमनताई कुंकवाची कोयरी मिटून उठल्या. पाटणकरकाका मागून हळूच म्हणाले, "फराळ तरी करून जा." त्या नुसत्या गेल्या नाहीत, जाताना गेट उघडं टाकून गेल्या, असं काका सांगतात, त्यांना ते गेट फार मनाला लागलं होतं.

कार्मिकवाल्या साहेबांचंही रोज चालू होतं. "मैडम, थोड़ा धीरे चलाइए. महीना निकल जाने दीजिए." कारण सरळ होतं. बोकीलसाहेब निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याविरुद्ध कारवाईचा आदेश निघाला तर पुढंही प्रकरण चालणार, त्यांचे निवृत्तीचे लाभ अडकणार. आदेश निघाला नाही तर साहेब शाल पांघरून घरी, आणि स्नेहल कूलरपाशी. तिच्या परिवीक्षेच्या अहवालावर बोकील जाता जाता एक ओळ लिहून गेले असते, की काम संपलं. सगळा डाव दिवस ढकलण्याचा होता, आणि दिवस ढकलण्यात आमच्या कार्यालयाचा हात धरणारं कोणी नाही.

कमलताई दिवस ढकलू देत नव्हत्या, पण साक्षीदार नव्हता.

मग एका दुपारी सक्सेना मॅडम आल्या. आमच्या टंकलेखन विभागातल्या. पिकलेले केस, मोजकं बोलणं, कारखान्यात त्यांचं अस्तित्व कोणाला जाणवत नसे. न बोलावता आल्या. हिरव्या खुर्चीवर बसल्या. स्नेहल समोरच होती. तिच्याकडे वळल्या. मग सक्सेना मॅडम म्हणाल्या, "मेरी मेज़ भी वहीं थी. उसी कूलर के पास."

बोकील तेव्हा तरुण होते, मॅडमही. तेव्हाची समिती, तेव्हाचे समोसे, मॅडमची 'सुरक्षिततेसाठी' बदली. कूलर तेव्हाही गळत होता. आवाज इतका बारीक की समितीवर कायद्यानं बाहेरून घेतलेल्या वकीलबाई पुढं वाकल्या. मॅडमनी घाबरून कमलताईंकडे पाहिलं. शकुनबाई सांगतात की नेहमी 'आवाज आ रही है?' विचारणाऱ्या कमलताई या वेळी म्हणाल्या, "आप आराम से बोलिए. पीछे तक पहुँचाना मेरा काम है."

त्या दिवसानंतर बोकीलसाहेबांच्या विभागातल्या दोघा सज्जनांना एकदम दिसायला लागलं. डोळे घरून घेऊन आले असावेत.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी अहवाल तयार झाला. आरोप सिद्ध. तो मोठ्या साहेबांच्या, म्हणजे कार्यकारी संचालकांच्या टेबलावर पोचला. हे गृहस्थ नुकतेच दुसऱ्या कारखान्यातून बदलून आले होते. त्यांना बोकील कोण आणि पाटणकर कोण, काही पत्ता नव्हता. आणि त्याच संध्याकाळी कार्मिकवाल्या साहेबांनी मला बोलावलं.

"सुनो भाई, कल विदाई में एक फ़ोटो बढ़िया चाहिए. तिलक वाला. क्लोज़ लेना, लड़की का चेहरा आना चाहिए."

"कोणती लड़की, सर?"

"विभाग की सबसे छोटी महिला. परंपरा है ना. वानखड़े."

मी विचारलं, फोटो कशाला? ते म्हणाले, "फ़ाइल में लगेगा. समझौते का सबूत. लड़की ने तिलक कर दिया, मतलब शिकायत ख़त्म."

वा! काय डोकं! छळ केला त्याच्या कपाळाला छळलेल्या पोरीच्या हातानं कुंकू लावून घ्यायचं, त्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो अहवालाच्या डोक्यावर ठेवायचा. आणि पोर नाही म्हणाली तर? परिवीक्षेत आहे ना, कशी म्हणेल? तिला दुपारीच निरोप गेला होता की 'हे तुझं कर्तव्य आहे'.

मी थेट कमलताईंच्या घरी. त्या अंगणात बसून कोथिंबीर निवडत होत्या. ऐकून घेतलं. शेवेचा डबा पुढं केला, मी घेतली नाही, तर रागावल्या, मग मी घेतली. मग म्हणाल्या, "उद्या संचालन माझंच आहे ना?"

"कार्यक्रमपत्रिकेत तुमचंच नाव आहे. पण ताई, तुम्ही समितीच्या अध्यक्षा..."

"अहवाल दिला, संपली माझी अध्यक्षता. उद्या मी नुसती संचालिका." मग हसल्या. "छायाचित्रकार, तू फोटो काढायचेस. मिळतील तेवढे काढ."

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. व्यासपीठावर बोकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी. त्या बाई खाली मान घालून पदराचं टोक चाचपत होत्या. मला त्या दिवशी व्यासपीठावर एकट्या त्यांचंच वाईट वाटलं. मध्ये कार्यकारी संचालक. पहिल्या रांगेत मंडळाची मंडळी, उशिरा आलेल्या सुमनताई नव्या पैठणीत शेवटून दुसऱ्या रांगेत. कमलताईंनी स्नेहलला मागं माझ्या शेजारी, ध्वनिक्षेपकाच्या खोक्यापाशी बसवलं होतं. 

कमलताई माइकपाशी आल्या. "पीछे तक आवाज़ आ रही है?" मागून "हाँ जी" आलं.

"आज हमारे बीच से विदा ले रहे हैं श्री सुधीर बोकील."

सगळा हॉल पुढं सरकला. विशेषण! 'अनुशासनप्रिय'वर पैजा लागल्या होत्या.

"डिज़ाइन विभाग के प्रमुख. आज सेवानिवृत्त हो रहे हैं."

आणि थांबल्या. मागं वळून जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

काहीच नाही! एक अक्षर नाही!  'सरल स्वभाव के' म्हणवून घेणाऱ्यांनाही त्या क्षणी आपण किती भाग्यवान, असं वाटलं असेल. बोकीलसाहेबांचा चेहरा असा झाला, जणू हार घालायला मान पुढं केली आणि हार घालणारा निघून गेला.

शाल झाली, श्रीफळ झालं. कार्मिकवाले साहेब उठून थाळी घेऊन तयार. निरांजन पेटलेलं. कमलताई परत माइकवर.

"अब तिलक. परंपरा है कि विभाग की सबसे छोटी महिला करे. आज हम परंपरा थोड़ी बड़ी करते हैं. कारख़ाने की जो भी महिला अपने मन से तिलक करना चाहे, वह उठे. थाली पहली पंक्ति से चलेगी."

थाळी पहिल्या रांगेत गेली. पहिल्या बाईनं घेतली, क्षणभर धरली, शेजारणीला दिली. तिनं तिसरीला. लेखा विभाग, चाचणी विभाग, कँटीनमधल्या बायका, शकुनबाई. प्रत्येकीच्या हातात थाळी थांबायची, ज्योत हलायची, आणि थाळी पुढं जायची. मी फोटो काढत सुटलो. थाळी सुमनताईंच्या हातात आली. मला वाटलं, संपलं, ही उठणार. त्यांनी बोकीलसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान जरा पुढंही केली. सुमनताईंनी कुंकवाकडे पाहिलं, ओठ घट्ट केले, आणि थाळी मागच्या रांगेत सक्सेना मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती स्नेहलला दिली. स्नेहल उभी राहिली. सगळ्या हॉलच्या माना वळल्या. तिनं थाळी माझ्या शेजारच्या खोक्यावर ठेवली, निरांजन विझू नये म्हणून आडोशाला सरकवली, आणि खाली बसली. 

कार्यकारी संचालक गोंधळून म्हणाले, "ये हो क्या रहा है?"

कमलताई अगदी नम्रपणे, दोन्ही हात जोडून, माइकमधून म्हणाल्या, "सर, इसका जवाब कल से आपकी मेज़ पर रखा है."

संचालक उठले आणि सरळ आपल्या कार्यालयात गेले. संध्याकाळ व्हायच्या आत आदेशावर सही झाली. त्या दिवशी बोकीलसाहेबांच्या घरापर्यंत ढोल गेला नाही. ढोलवाले क्लबच्या पायऱ्यांवर बसून समोसे खात होते. कार्मिकवाल्या साहेबांना मी फोटो दिले. भरपूर दिले. एकातही तिलक नव्हता. प्रत्येकात थाळी होती, आणि एका कोपऱ्यात कोरं कपाळ.

स्नेहल पक्की झाली. तिचा अहवाल दुसऱ्या साहेबांनी लिहिला. कूलरशेजारी आता कचऱ्याचा डबा आहे, त्याला ती जागा शोभते.

इथं गोष्ट संपवली तर तुम्ही समाधानानं चहा प्याल. म्हणून संपवत नाही. सरकारी कारखाना विसरत नाही. कमलताईंची खोली मुख्य इमारतीतून उठवून जुन्या प्रशिक्षण इमारतीत नेली. तिथं फोन नव्हता, पंखा होता पण फिरत नव्हता. माइक दुसऱ्याला. वर्षाच्या अखेरीस त्यांच्या गोपनीय अहवालात एक शब्द आला: 'असहयोगी'. आणि त्यांची स्वतःची निवृत्ती आली तेव्हा कार्मिक विभागानं कळवलं की निरोप समारंभ होऊ शकणार नाही. कारण? संचालनाला माणूस उपलब्ध नाही.

परत वाचा. संचालनाला. माणूस. उपलब्ध नाही. हे लिहिणाऱ्याला लाज वाटली नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्याला पदोन्नती मिळाली.

शेवटच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन फाटकापाशी उभा राहिलो. भोंगा झाला. कमलताई आपली स्कूटर ढकलत आल्या, बरोबर स्नेहल. कमलताई जन्मात कोणाच्या मागं बसल्या नव्हत्या. पाटणकरकाकाही त्यांच्या मागंच बसायचे. त्या दिवशी त्यांनी किल्ली स्नेहलच्या हातात दिली. "आज तू चालव. हळू चालव पण. आणि खड्डा दिसला की आधी सांग."

मी म्हटलं, "ताई, एक राहिलं. तुमची ओळख कोण करून देणार? विशेषण?"

त्या मागं बसत होत्या, थांबल्या. उजव्या हाताची मूठ तोंडापाशी धरली, माइक धरावा तशी. फाटकावरचे पहारेकरी, सायकली घेऊन निघालेले कामगार, कँटीनच्या बायका, सगळे थबकले.

"आज हमारे बीच से विदा ले रही हैं श्रीमती कमल पाटणकर." मग तो जुना थांबा, ज्यानं आम्ही सगळे वर्षानुवर्षं घामाघूम झालो होतो. "अंत तक असहयोगी!"

आणि पहारेकऱ्याकडे वळून, "पीछे तक आवाज़ आई?"

"आई, मैडम!" तो ओरडला.

स्नेहलनं स्कूटर सुरू केली. कमलताई मूठ तोंडाशी धरूनच गेल्या, बहुतेक पुढच्या चौकात कोणाची तरी ओळख करून द्यायची असावी. त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे नाही. कॅमेरा गळ्यात लोंबकळत होता आणि माझे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.